उलटा भोवरा

गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कुणीही विचारावं, "उलट्या भोवऱ्याचं दुकान कुठं?" आणि कुणीही बोट दाखवावं, एवढी माझ्या काकांची कीर्ती होती. कीर्ती कसली, चेष्टाच ती. काका न्हावी. दुकानात एक खुर्ची, भिंतभर आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक आणि बाकावर कव्हरं फाटलेली मासिकं. दुकानाच्या वर दोन खोल्या, तिथं काका, काकू आणि मी. आईवडील मी लहान असताना गेले, तेव्हापासून मी यांचीच. आता शेजारच्या गाळ्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मधली भिंत एवढी पातळ, की काकांची कात्री थांबली तरी मला कळतं.

कात्री थांबायची ती बोलण्यासाठीच. "न्हाव्याचा अर्धा धंदा हाताचा, अर्धा तोंडाचा," असं काका म्हणतात, आणि तोंडाच्या अर्ध्यात त्यांनी कधी काटकसर केली नाही. खुर्चीत कोण बसलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. साहेब असो, हमाल असो, तोच टॉवेल, तीच तुरटी, त्याच गप्पा. "मी कुणाचं डावं-उजवं करत नाही," असं ते छाती फुगवून सांगतात. त्यावर वरच्या खिडकीतून काकू ठरलेलं उत्तर देते, "करणार कसं? तुम्हाला डावं-उजवं कळतंय कुठं?" बाक हसतो, काका हसतात आणि कात्री पुन्हा सुरू होते.

आता त्या भोवऱ्याचं सांगते.

काका शिकाऊ होते तेव्हा त्यांचा हात थरथरायचा. आमचे आजोबा म्हणजे गावाला वचक असलेला न्हावी. आरशातून नुसतं बघितलं तरी गिऱ्हाईक मान सरळ करायचं. अशा बापासमोर एके दिवशी काकांनी एका बड्या गिऱ्हाइकाचा कान कापला. तुकडा नाही पडला, पण रक्त कॉलरवर आलं. आजोबांनी काकांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि खिशात ठेवली, एवढंच. काका तसेच अंगावरच्या केसांसकट दुकानातून निघाले, स्टँडवर समोर जी बस दिसली तिच्यात बसले, आणि ती बस जिथं थांबली तिथं सोन्याच्या बुद्धांचं मंदिर होतं.

ती मूर्ती जगात नावाजलेली. लोक लांबलांबून येतात. कुणी तिचं तेज बघतं, कुणी मिटत आलेले डोळे, कुणी ओठांवरचं हसू. आमच्या काकांनी काय बघितलं, तर केस.

"अख्खं डोकं भोवऱ्यांनी भरलेलं," काका सांगायचे. सांगताना फणी वर धरायचे. "एकेक भोवरा गोगलगाईच्या शंखासारखा. सगळे एकाच अंगाला वळलेले. मी म्हटलं, काय हात असेल त्या माणसाचा! गर्दीनं मला ढकलत पार खांबापाशी नेलं होतं, तिथून कान अगदी जवळ दिसायचा. बघता बघता माझी नजर अडकली. उजव्या कानाच्या वर, दुसऱ्या ओळीत, एक भोवरा उलटा! बाकीचे सगळे इकडे, हा एकटा तिकडे. अहो, मला रडू आलं. म्हटलं, एवढ्या मोठ्या कारागिराचा हात एकदा चुकला, तरी त्या मूर्तीला लोक हात जोडतायत. मग माझ्या हातानं एक कान कापला गेला, तर काय आभाळ कोसळलं?"

त्याच बसनं काका परत आले. दुसऱ्या दिवशी आजोबांच्या खिशातून कात्री मागून घेतली. त्यानंतर त्यांचा हात कधी थरथरला नाही, आणि कुणाचा कान कापला गेला नाही. ही गोष्ट त्यांनी खुर्चीत बसलेल्या प्रत्येक डोक्याला सांगितली. लहान मुलं केस कापताना रडायला लागली की त्यांना तर हमखास.

समोरच्या दुकानात घड्याळजी बसतो. काकांचा लहानपणापासूनचा मित्र, आणि मित्र असल्यामुळेच पक्का वैरी. डोळ्याला भिंग लावून दिवसभर इवल्याशा चाकांत डोकं घालून बसायचं, आणि मान वर केली की कुणाच्या तरी चुका काढायच्या, हा त्याचा उद्योग. नाकाखाली झुपकेदार, दोन्ही टोकांना पीळ दिलेली मिशी. ही मिशी म्हणजे त्याची इस्टेट.

हा घड्याळजी एकदा सासुरवाडीच्या माणसांबरोबर त्या मंदिरात जाऊन आला. जाताना कॅमेरा घेऊन गेला होता. परत आला तो थेट माझ्या दुकानात. "हा फोटो मोठा करून दे," म्हणाला. मी करून दिला, धंदा म्हटल्यावर गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार? फोटोत सोन्याच्या बुद्धांचा उजवा कान होता, आणि कानावरच्या सगळ्या ओळी स्पष्ट. झाडून सगळे भोवरे एकाच अंगाला वळलेले. घड्याळजीनं तो फोटो आपल्या दुकानाच्या काचेवर आतून चिकटवला, बरोबर काकांच्या खुर्चीतून दिसेल असा.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" घड्याळजी रस्त्यात उभा राहून म्हणाला. "बघा हो सगळे! कुठाय उलटा भोवरा?"

"फोटो चुकला असेल," काका म्हणाले.

"फोटो कसा चुकेल? तूच थापाड्या आहेस."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. उजव्या कानाच्या वर, दुसरी ओळ. खोटा ठरलो तर वस्तरा खाली ठेवीन, पुन्हा हातात घेणार नाही!"

"आणि खरा ठरलास तर मी ही मिशी काढीन," घड्याळजी म्हणाला. "तुझ्याच खुर्चीत बसून. तोवर तुझ्या खुर्चीला माझी पाठ लागणार नाही."

गल्लीला आयतं टोपणनाव मिळालं. आधी "काय उलटा भोवरा, उघडलं का दुकान?" असं घड्याळजी म्हणायचा, मग पोस्टमन, मग शाळेत जाणारी पोरंही. त्या मंदिराला जाऊन आलेला प्रत्येक जण मुद्दाम उजवा कान बघून यायचा आणि मान हलवत सांगायचा, "नाही हो, नाही तसलं काही." काका सुरुवातीला भांडले, मग हसण्यावारी न्यायला लागले, आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगणंच सोडलं. गोष्ट गेली तशा बाकीच्या गप्पाही आटल्या. भिंतीपलीकडून आता नुसती कात्री ऐकू यायची. मला त्या घड्याळजीचा असा राग यायचा, की त्याच्या मिशीच्याच झेरॉक्स काढून गल्लीभर चिकटवाव्यात.

"काका, तुम्ही एकदा परत जाऊन का नाही येत?" मी विचारायची.

"दुकान कोण बघणार?" ते म्हणायचे. कधी म्हणायचे, "मी बघितलंय, मला कशाला पुन्हा?" खरं कारण मला माहीत होतं. ते घाबरत होते. तिथं जाऊन नाहीच दिसला तर?

काकूचा विश्वास होता का? मुळीच नाही. "माणूस चांगला आहे," ती मला सांगायची, "फक्त डोक्यात एक भोवरा जास्तीचा आहे. असू दे. प्रत्येकाच्या डोक्यात काहीतरी असतंच." एवढं बोलून ती भांडी घासायला घ्यायची.

मग तो दिवस आला. खुर्चीत नवीन गिऱ्हाईक होतं, गल्लीत नवीनच राहायला आलेलं. त्यानं भाबडेपणानं विचारलं, "सगळे तुम्हाला उलटा भोवरा का म्हणतात हो?" काका काही बोलायच्या आत समोरून घड्याळजी ओरडला, "त्याला काय विचारता, या काचेवर बघा! आमच्या मित्रानं भगवंताच्या डोक्यावर एक भोवरा स्वतःच्या पदरचा घातलाय!" गिऱ्हाईक खो खो हसलं. हसताना डोकं हललं. आणि भिंतीपलीकडे कात्री थांबली.

मी धावत गेले. गिऱ्हाइकाच्या कानावर रक्ताचा एक थेंब होता. तसं काहीच नव्हतं, तुरटी फिरवली की थांबणार. गिऱ्हाईकही "असू द्या, असू द्या" म्हणत होतं. पण काका बाकावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर पालथे, आणि ते हात थरथरत होते. रस्त्यापलीकडे घड्याळजीचं हसू जागच्या जागी थिजलं.

काकू जिन्यावरून खाली उतरली. तिनं गिऱ्हाइकाच्या कानाला तुरटी लावली, उरलेले केस स्वतः कापले, कसे ते विचारू नका, आणि त्याला वाटेला लावलं. मग उंबऱ्यात उभी राहून तिनं घड्याळजीची बिनपाण्यानं हजामत केली. त्याच्या सात पिढ्या, त्याची घड्याळं, त्याची मिशी, काही शिल्लक ठेवलं नाही. शेवटी म्हणाली, "रविवारी सगळे जायचं. तुम्हीसुद्धा यायचं. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

"मी नाही येणार," काका म्हणाले.

"तुम्हाला कुणी विचारलंय?" काकू म्हणाली.

रविवारी बसमध्ये आम्ही चौघं. काकू आणि मी पुढच्या बाकावर, मागे काका आणि घड्याळजी, दोघांच्या मध्ये काकूनं डब्यांची पिशवी ठेवलेली, सरहद्दीसारखी. घड्याळजीची बायको आली नव्हती. "मिशी गेली तर सांगा, मग येते बघायला," असा तिनं निरोप दिला होता. सगळी वाट काका खिडकीबाहेर बघत होते. घड्याळजीनं एकदा त्यांच्यापुढे शेंगदाणे धरले, काकांनी घेतले नाहीत. मग त्यानं ते एकट्यानंच खाल्ले, पण चव लागल्यासारखं दिसलं नाही.

मंदिराच्या अंगणात उदबत्त्यांचं मोठं दगडी पात्र होतं, त्यातून धूर निघत होता. चपला काढून आम्ही आत गेलो. पायाखाली गार फरशी, दोन्ही बाजूंना जाडजूड खांब, आणि समोर ते. मी तोंडाळ बाई आहे, मला सहसा कुठं शब्द कमी पडत नाहीत. तिथं पडले. बैठी मूर्ती, बसलेली असूनही माणसाच्या दुप्पट उंच, आणि तिचं सोनं दागिन्याच्या सोन्यासारखं चकाकणारं नव्हे, उन्हात धरलेल्या मधासारखं. काकूनं हात जोडले. घड्याळजीनंही जोडले. काका नुसते उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"चल," घड्याळजी हळूच म्हणाला. "दाखव."

आता तिथं रेलिंग लावलंय. एका बाजूनं रांगेत जायचं, मूर्तीच्या उजव्या अंगाला थांबायचं, समोरून हात जोडून तसंच दारानं बाहेर. काकांच्या तरुणपणी तसलं काही नव्हतं. घड्याळजीनं दंडाला धरून काकांना बरोबर त्या जागी नेलं, जिथून त्यानं फोटो काढला होता, आणि खिशातून छोटी दुर्बीण काढून त्यांच्या हातात दिली. काकांनी बघितलं. दुर्बीण खाली घेतली, काचा सदऱ्याला पुसल्या, पुन्हा बघितलं. मागची रांग कुरकुरायला लागली. काकू माझा हात धरून उभी होती, आणि तिनं तो किती घट्ट धरलाय हे तिला समजत नव्हतं. जिनं इतकी वर्षं विश्वास ठेवला नाही, तिचे ओठ पुटपुटत होते, "असू दे रे देवा, असू दे."

"नाही," काका म्हणाले.

त्यांनी दुर्बीण परत दिली आणि रांगेबरोबर बाहेर गेले.

अंगणात पायरीवर ते बसले. मला वाटलं, आता घड्याळजी मिशीला पीळ देणार. नाही दिला. तो समोर अवघडून उभा राहिला. "अरे, राहू दे," तो म्हणाला. "लहानपणची पैज ती. वस्तराबिस्तरा काही खाली ठेवायचा नाही. मी काचेवरचा फोटो काढून टाकतो."

"लहानपणची कसली? केस पिकले होते तेव्हा आपले," काका म्हणाले. मग म्हणाले, "पैजेचं नाही रे. हे बघून मी कात्री परत हातात घेतली होती. तो भोवराच नसेल, तर मी कशाच्या जिवावर न्हावी झालो? उद्यापासून दुकान बंद."

तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली, आणि त्या दगडी पात्रातली राख उडून घड्याळजीच्या गालावर बसली. काकांनी मान वर केली. जग बुडालं तरी न्हाव्याला समोरचा चेहरा मळलेला बघवत नाही.

"तुझ्या उजव्या गालाला राख लागलीय," ते म्हणाले.

घड्याळजीनं उजवा गाल पुसला.

"अरे, उजव्या."

"उजवाच पुसतोय!"

"उजव्या म्हणतोय ना मी! इतकी वर्षं घड्याळाचे काटे फिरवतोस आणि उजवा गाल कळत नाही तुला?"

"मला कळत नाही? तुझ्या बायकोला विचार कुणाला कळत नाही ते!"

काकू पदरानं डोळे पुसत होती. पदर तिच्या हातातच राहिला. ती काकांकडे बघायला लागली, मग घड्याळजीच्या गालाकडे, मग पुन्हा काकांकडे. घरात जेवताना आमच्या तोंडाला शीत लागलं की काका हमखास चुकीचा गाल सांगतात, आणि आम्ही न बोलता दुसरा पुसतो. इतक्या वर्षांची सवय, त्यात विचार करण्यासारखं काय आहे असंच आम्हाला वाटायचं.

"थांबा दोघं," काकू म्हणाली. ती काकांच्या समोर येऊन उभी राहिली. "माझा उजवा कान धरा."

"अगं, लोक बघतायत."

"धरा म्हणते ना!"

भर अंगणात, शंभर माणसांच्या देखत, काकांनी हात पुढं केला आणि बायकोचा कान धरला. डावा.

"हा उजवा?"

"मग? हाच की. आरशात..." काका म्हणाले, आणि तिथंच थांबले.

"आरशात," काकू म्हणाली.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. काका आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहिले. समोर चेहरा म्हणजे आरशातला चेहरा, आणि आरशात उजव्या हाताला दिसतो तो गिऱ्हाइकाचा उजवाच कान. दुकानात काका कधीच चुकले नाहीत. पण आरशाबाहेर, समोरासमोर, उजव्या हाताला दिसतो तो समोरच्याचा डावा. सोन्याच्या बुद्धांसमोर तो पोरसवदा न्हावी उभा राहिला, तेव्हा उजव्या हाताला दिसलेल्या कानाला तो उजवा म्हणाला आणि तेच बरोबर घेऊन घरी आला. त्या हट्टापायी सगळ्या गल्लीनं चुकीचा कान तपासला होता.

एवढं सगळं मी असं सांगतेय खरी, पण तिथं सांगत बसायला कोण थांबलं? घंटा वाजली होती. दुपारच्या झाडलोटीसाठी दरवाजा लावायला घेतला होता. काकू धावत सुटली. गुडघे दुखतात म्हणून जी माझ्याकडून वरच्या खोलीत पाण्याची बादली नेऊन घेते, ती काकू. मागे आम्ही तिघं.

"वेळ संपली, बाई," दाराशी उभा असलेला माणूस म्हणाला.

"आमचीही तीच गत आहे," काकू म्हणाली. "हे आपल्या खरेपणाची खात्री करायला आलेत. एक डाव जाऊ द्या, दादा." त्या दादाला काय कळलं देव जाणे, पण तो बाजूला झाला.

आत कुणी नव्हतं. काकू वाकून रेलिंगखालून पलीकडे गेली, आम्हीही गेलो. मूर्तीच्या डाव्या अंगाला, खांबापाशी. काका खांबाला हात लावून उभे राहिले. "इथंच," म्हणाले. "इथंच मला ढकलत आणलं होतं." पण वर बघायची त्यांची हिंमत होईना. त्यांनी डोळे मिटून घेतले.

दुर्बीण घड्याळजीच्या हातात होती. त्यानं ती डोळ्याला लावली. जन्मभर एका डोळ्यानं बारीक चाकं बघत आलेला माणूस, त्याची नजर ओळीवरून ओळीवर हळूहळू सरकत होती. मग ती थांबली. दुर्बिणीखालची मिशी हलायला लागली.

"आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "लेका, आहे रे! उलटा आहे!"

"दुसरी ओळ?" काका डोळे मिटूनच म्हणाले.

"दुसरी ओळ!"

काकांनी डोळे उघडले. त्यांना दुर्बीण लागली नाही. तोंड उघडं टाकून ते वर बघत राहिले, आणि मग त्या शांत सभामंडपात त्यांनी अशी आरोळी ठोकली, की खांबांवरची कबुतरं उडाली. घड्याळजीनं त्यांना कवेत घेतलं. दोन म्हातारे एकमेकांच्या पाठीवर गुद्दे मारत रडत होते, हसत होते. मीही बघितला. बाकीच्या सगळ्या भोवऱ्यांमध्ये तो एकटाच पाठ फिरवून बसलेला, सोन्याचा. मला त्याच्या धिटाईचं इतकं कौतुक वाटलं, की काय सांगू.

आवाज ऐकून आतून एक म्हातारे भिक्खू आले आणि ओठांवर बोट ठेवून उभे राहिले.

"माफ करा, भन्ते," काकू म्हणाली. "यांचं हरवलेलं सापडलं." तिनं वर बोट दाखवलं. भिक्खूंनी मान मागे टाकून बराच वेळ बघितलं. त्यांच्या भुवया वर गेल्या.

काका मात्र आता भोवऱ्याकडे बघत नव्हते. ते भिक्खूंच्या मानेकडे बघत होते. "भन्ते, राग मानू नका," ते म्हणाले, "पण तुमची हजामत कोण करतं? मागे थोडं राहिलंय."

भिक्खूंनी मानेवरून हात फिरवला, आणि ओठांवरचं बोट विसरून तेच मोठ्यानं हसले.

परतीच्या बसमध्ये डब्यांची पिशवी काकूच्या मांडीवर होती. मागच्या बाकावर शेंगदाणे दोघांनी मिळून खाल्ले आणि भांडणही दोघांनी मिळून सुरू केलं.

"तू उजवा म्हणालास, निघाला डावा. म्हणजे तू अर्धाच खरा," घड्याळजी म्हणाला.

"मग अर्धी मिशी काढ."

"अर्धी काढली तर बायको घरात घेणार नाही."

"पूर्ण ठेवलीस तर मी गल्लीत घेणार नाही," काकू पुढून म्हणाली.

सोमवारी काकांचं दुकान बंद असतं. त्या सोमवारी उघडलं. बाक भरला, उंबरा भरला, रस्ता भरला. घड्याळजीची बायको सगळ्यांत पुढं उभी होती. घड्याळजी रस्ता ओलांडून आला आणि कितीतरी वर्षांनी त्या खुर्चीत बसला. काकांनी त्याच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, ब्रश भिजवला, फेस केला, वस्तरा पट्ट्यावर सपासप ओढला. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. हात दगडासारखे स्थिर होते. ते मिशी सोडून देतील, मोठं मन दाखवतील, असं मला क्षणभर वाटलं. छे! इतका आनंद त्यांच्या तोंडावर मी कधी बघितला नव्हता.

"आधी उजवी बाजू घेतो," काका म्हणाले.

"कुणाची उजवी?" फेसाच्या आडून घड्याळजीनं विचारलं.

अख्खी गल्ली एवढी हसली, की काकांना वस्तरा वर धरून थांबावं लागलं. मग त्यांनी मिशी काढली. पूर्ण. आरशात एक गोरा, नवा ओठ उघडा पडला. घड्याळजीची बायको जवळ येऊन बघत म्हणाली, "अगं बाई, म्हणजे हेच होय ते, ज्यांच्याशी माझं लग्न झालं!"

घड्याळजीनं मंदिरातून निघताना डाव्या कानाचा फोटो काढला होता. तो मी मोठा करून दिला, फुकट, आणि काचेवरच्या जुन्या फोटोच्या जागी चिकटवला. काकांनी पाटी रंगवणाऱ्याला बोलावलं. दुकानाला आजवर पाटी नव्हती. आता आहे, पिवळ्याधमक अक्षरांत: उलटा भोवरा केशकर्तनालय.

भिंतीपलीकडे पुन्हा गोष्ट सुरू झालीय. आता नवं गिऱ्हाईक विचारतं, "कुठल्या कानावर हो?" तेव्हा काका डावं-उजवं काही म्हणत नाहीत. दोन बोटांत गिऱ्हाइकाचाच कान धरतात आणि म्हणतात, "हा." गिऱ्हाईक आरशातून संशयानं बघतं. न्हाव्याच्या गप्पा, त्या कुणी खऱ्या मानायच्या? पण काकांना पुढं काही बोलावं लागत नाही. रस्त्यापलीकडून, डोळ्यावरचं भिंग न काढता, नव्यानं फुटलेल्या मिशीखालून आवाज येतो.

"खरं आहे. मी पाहिलाय."